बिननावाच्या द्राक्षाला गावाचे नाव
दक्षिण इटलीतील वायनरींच्या भेटी

शेताच्या बांधावर माल विकणाऱ्यास भाव ठरविता येत नाही, ही गोष्ट आपल्या बागायतदारांस नव्याने सांगावयास नको. त्यातून द्राक्ष हे तर नाशवंत फळ. पक्व झाले की ते थोड्या दिवसांत वेलीवरून उतरलेच पाहिजे, आणि ही अडचण बागायतदाराइतकीच व्यापाऱ्यासही पुरती ठाऊक असते. द्राक्ष पिकविण्याच्या कलेत महाराष्ट्राचा शेतकरी कोणास हार जाणारा नाही. परंतु पिकविलेल्या मालाचे मोल स्वतःच्या पदरात पाडून घेणे, हा प्रश्न अद्याप पुष्कळ अंशी शिल्लक आहे. दक्षिण इटलीतील शेतकरी याच प्रश्नाशी शंभर वर्षांहून अधिक काळ झगडत आलेला आहे. त्याने तो कसा सोडविला, कितपत सोडविला आणि कोठे त्याची गाडी अजून अडून आहे, हे पाहण्याचा योग गेल्या सप्टेंबर महिन्यात आला.

रजा घेऊन आम्ही सहकुटुंब प्रवासास निघालो होतो. बरोबर पत्नी, दहा वर्षांची कन्या आणि वडील होते. वडिलांनी दिंडोरी तालुक्यात चाळीस वर्षे द्राक्षबाग सांभाळलेली असल्याने, प्राचीन देवळे व समुद्रकिनारे पाहण्याइतकीच परक्या मुलखातील द्राक्षबागा पाहण्याची ओढ त्यांस होती. बारी या बंदरापासून आरंभ करून पुल्या, बाझिलिकाता व काम्पानिया या तीन प्रांतांतून आम्ही भाड्याच्या मोटारीने नेपल्सपर्यंत गेलो. वाटेत लागलेल्या लहानमोठ्या वायनरी पाहिल्या. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. द्राक्षावर प्रक्रिया करून शेतकऱ्याने आपल्या मालास किंमत कशी आणली, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

ओळखीचा मांडव

इटलीचा नकाशा पायातील बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच म्हणजे पुल्या प्रांत होय. बारी शहराच्या दक्षिणेस नोइकात्तारो व रुतिल्यानो ही गावे लागतात. तेथील बागा पाहताच वडील म्हणाले, “हा तर आपलाच मांडव!” आणि ते खरेच होते. पुल्या हा इटलीतील खाण्याच्या द्राक्षांचा प्रमुख प्रांत असून, तेथे वेल डोक्याइतक्या उंचीच्या तारांच्या जाळीवर आडवे पसरवितात. या पद्धतीस ते ‘तेंदोने’ म्हणतात. आपल्या मांडवाशी तिचे साम्य इतके आहे की, खाली उभे राहिल्यावर आपण परदेशात आहोत याचा क्षणभर विसर पडावा. १९११ साली आल्बेर्तो पिरोव्हानो या संशोधकाने संकरातून निर्माण केलेला ‘इतालिया’ हा पांढरा, टपोरा, बियांचा वाण येथे दीर्घकाळ प्रमुख होता. अलीकडे बाजाराचा कल पाहून शेतकरी बिनबियांच्या वाणांकडे वळत आहेत. मांडवावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून पाऊस व गारा यांपासून घड वाचवितात आणि काढणी पुढे लांबवितात. अवकाळी पावसाच्या भीतीने आपल्याकडेही असे आच्छादन काही बागांवर आता दिसू लागले आहे.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावयास हवा. त्या देशात हिवाळ्यात द्राक्षवेल पाने गाळून झोपी जातो. म्हणून छाटणी एकदाच, त्या विश्रांतीच्या काळात होते. आपला वेल बाराही महिने जागा असतो. त्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी अशा दोन छाटण्या द्याव्या लागतात. त्यामुळे तेथील वेळापत्रक जसेच्या तसे उचलून येथे लावणे शक्य नाही. उचलावयाचे असेल तर ते काही निराळेच आहे, आणि ते पुढील गावांत दिसून आले.

दुसऱ्याच्या पिंपात जाणारी वाईन

वाईनच्या द्राक्षांचा तेथील इतिहास थोडक्यात सांगितल्याखेरीज आजची स्थिती समजणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील द्राक्षबागांवर फिलॉक्सेरा ही मुळांतील रस शोषणारी कीड अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर येऊन पोहोचली. तिने त्या देशातील बागा उजाड केल्या. वाईनचा तुटवडा पडल्याने फ्रेंच व्यापारी दक्षिण इटलीकडे वळले आणि पुल्यातील शेतकऱ्यांनी गव्हाची शेते व कुरणे मोडून द्राक्षलागवड वाढविली. परंतु १८८८ साली फ्रान्स व इटली यांच्यामध्ये जकातीचे भांडण पेटले आणि ही बाजारपेठ एकाएकी बंद झाली. कर्ज काढून बागा लावलेली कुटुंबे त्यामुळे हवालदिल झाली. पुढे फिलॉक्सेराही या भागात येऊन थडकली आणि बागा अमेरिकन खुंटांवर कलमे करून नव्याने उभाराव्या लागल्या. आपण क्षारयुक्त जमिनीसाठी व पाण्याचा ताण सोसण्यासाठी वापरतो तो डॉगरिज खुंटही अमेरिकन कुळातीलच आहे, हे येथे सांगावयास हरकत नाही.

त्यानंतरही दक्षिणेच्या वाईनला नाव मिळाले नाही. उन्हाच्या जोरामुळे येथील द्राक्षात साखर भरपूर भरते; म्हणून वाईन गडद व तीव्र होते. उत्तरेकडील थंड मुलखातील पातळ वाईनला रंग व जोर आणण्यासाठी ही वाईन टाक्या भरभरून आगगाडीने व जहाजाने जाई. तूरीन येथील वर्मूथच्या कारखान्यांसही ती लागे. तिला नावच ‘व्हीनो दा ताल्यो’, म्हणजे मिसळणीची वाईन, असे पडले होते. पिकविणारा पुल्यातला, बाटलीवरचे नाव मात्र दुसऱ्याचे, अशी ही परिस्थिती पिढ्यान्‌पिढ्या चालली.

मांदुरिया: सहकाराचा आधार

तारांतो शहराच्या पूर्वेस मांदुरिया हे गाव आहे. आजूबाजूची जमीन तांबडी, तिच्याखाली चुनखडीचा खडक, समुद्र जवळ आणि पाऊस बहुतांशी हिवाळ्यात. येथे प्रिमितीवो नावाचा काळा वाण होतो. ‘प्रिमो’ म्हणजे पहिला. हा वाण इतरांच्या आधी पिकतो, म्हणून हे नाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोया देल कोल्ले या गावच्या फ्रान्चेस्को फिलिप्पो इंदेल्लिकाती या धर्मगुरूने बागेतील मिश्र वेलींतून लवकर पिकणारे वेल निवडून त्यांची निराळी लागवड केली, असे सांगितले जाते. शेतात फिरताना डोळे उघडे ठेवले म्हणजे निवड पद्धतीने केवढे काम होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या वाणाची पुढील हकिगतही मनोरंजक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात झिन्फंडेल नावाचा वाण फार प्रसिद्ध आहे. १९६७ साली ऑस्टिन गोहीन या अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञास पुल्यातील प्रिमितीवो पाहून दोहोंतील साम्य जाणवले. पुढे जनुकीय परीक्षणाने दोन्ही वाण एकच असल्याचे सिद्ध झाले आणि २००१ साली त्याचेच मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील एका जुन्या वेलीत सापडले. तेव्हा ‘आपला’ म्हणून ज्याचा अभिमान वाहावा तो वाण समुद्रापलीकडून आलेला निघाला! परंतु मांदुरियाच्या शेतकऱ्यास त्यामुळे काही उणे वाटत नाही. वाण कोठलाही असो, या मातीत त्याचा जो गुण उतरतो तो आमचा, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडील थॉम्पसन सीडलेसचीही गोष्ट याहून फारशी निराळी नाही.

जुन्या बागांत प्रिमितीवो मांडवावर किंवा तारांवर चढवीत नाहीत. कंबरेहून कमी उंचीचे खोड ठेवून त्यावर दोन-तीन फाटे राखतात, आणि वेल लहानशा झुडपासारखा स्वतःच्या आधारावर उभा राहतो. या पद्धतीचे नाव ‘अल्बेरेल्लो’, म्हणजे लहान झाड. पाणी न देताही असा वेल उन्हाळा काढतो. त्याची मुळे खडकाच्या फटींतून खोल जातात आणि स्वतःच्याच पानांची सावली घडांवर पडते. मात्र उत्पन्न थोडे आणि सारी कामे हाताने, वाकून करावयाची. यंत्र त्यात चालत नाही.

आम्ही गेलो तेव्हा मुख्य काढणी आटोपली होती. तरीही मजूर बागेत होते. प्रिमितीवोच्या बगलफुटींवर दुसऱ्या खेपेचे लहान घड येतात आणि ते मुख्य पिकानंतर सुमारे तीन आठवड्यांनी तयार होतात. त्यांस ‘राचेमी’ म्हणतात. या घडांत आंबटपणा अधिक असतो, म्हणून काही वायनरी त्यांचा निराळा उपयोग करतात. आपण बगलफुटी खुडून टाकतो, हे वडिलांनी खुणेने सांगितले, तेव्हा बागमालक हसला आणि त्याने एक घड त्यांच्या हाती ठेवला.

मांदुरियातील उत्पादकांची सहकारी वायनरी १९३२ पासून चालू आहे. सुमारे ४०० सभासद आपला माल तेथे घालतात. वायनरीच्या जुन्या भूमिगत टाक्यांमध्ये आता एक संग्रहालय मांडलेले आहे. तेथे नांगर, टोपल्या, लाकडी दाबयंत्रे, घरातील भांडीकुंडी अशा वस्तू ठेवलेल्या आहेत. एका बाजूस सुटी वाईन विकण्याची व्यवस्था होती आणि गावकरी घरून डबे आणून नळीने वाईन भरून नेत होते. पत्नीने त्यास आपल्या दूध डेअरीची उपमा दिली. ती अगदी योग्य होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० च्या जमीनसुधारणा कायद्याने मोठ्या जमीनदारांची जमीन भूमिहीनांस वाटण्यात आल्यावर, दक्षिण इटलीत अशा सहकारी वायनरी गावोगावी निघाल्या. दोन-तीन एकरांचा धनी स्वतःची टाकी व दाबयंत्र घेऊ शकत नाही आणि त्याचा माल तर थांबत नाही. म्हणून सर्वांनी मिळून टाक्या बांधल्या. आपल्याकडे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही हाच काळ होता आणि कारणही हेच होते.

वायनरीत काय चालते

सालेंतो भागातील एका कौटुंबिक वायनरीत आम्हांस सारी क्रिया आरंभापासून पाहावयास मिळाली. तेथे नेग्रोआमारो या काळ्या वाणाची काढणी चालू होती. द्राक्षे पहाटेच्या गारव्यात उतरवून सकाळीच आणली जात. दारातच नमुना घेऊन साखरेचे प्रमाण मोजतात. आपण ब्रिक्समध्ये मोजतो, ते बाबो नावाच्या मापाने मोजतात. वडिलांनी खिशातून स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर काढून एका मण्याचा रस तपासला, तेव्हा तेथील कामगार कौतुकाने भोवती गोळा झाले. भाषा येत नसली तरी साखरेचा आकडा दोघांसही वाचता येत होता.

यानंतर यंत्राने देठ निराळे करून मणी फोडतात. तांबड्या वाईनकरिता रस व साली एकत्रच टाकीत आंबवितात, कारण रंग सालीत असतो. पांढऱ्या वाईनकरिता आधी रस दाबून काढतात व साली वगळतात. साली थोडेच तास रसात ठेवून त्या काढून घेतल्या म्हणजे गुलाबी वाईन मिळते. आंबताना साली वर तरंगून थर जमतो. तो ओला राहावा म्हणून खालचा रस पंपाने दिवसातून दोन-तीनदा त्यावर सोडतात. आठवड्या-दोन आठवड्यांत साखर सरते, मग रस निथळून चोथा दाबतात.

या क्रियेतील खरी क्रांती थंडाव्याची आहे. आंबण्याने उष्णता उत्पन्न होते. दक्षिणेकडील उन्हात उघड्या सिमेंटच्या टाकीत रस तापे, यीस्ट मरे, आणि वाईन जड व बेचव होई. मिसळणीखेरीज तिला गिऱ्हाईक नसण्याचे हेही एक कारण होते. आता पोलादी टाक्यांना थंड पाण्याचे वेष्टण असते. पांढरा रस १५ ते १८ अंश आणि तांबडा २५ ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. द्राक्षे तीच, माती तीच. परंतु तापमान हाती आल्याबरोबर वाईन नावाने विकण्याजोगी झाली. काढणीनंतर माल थंड करणे हे खर्चाचे काम वाटते. पण तेच मालाचा दर्जा ठरविते, हे आपल्या निर्यातदार बागायतदारांस शीतगृहाच्या अनुभवाने पटलेले आहेच.

नावाची किंमत आणि नावाचे बंधन

सालिचे सालेंतिनो या गावच्या लेओने दे कास्त्रिस या घराण्याने १९४३ च्या हंगामात नेग्रोआमारोची गुलाबी वाईन बाटलीत भरली आणि युद्धकाळात तेथे आलेल्या अमेरिकन सैन्याकडून तिला मागणी आली. इटलीत बाटलीबंद होऊन विकली गेलेली ही पहिली गुलाबी वाईन मानली जाते. टाकीने विकणाऱ्या मुलखात बाटलीवर स्वतःचे नाव घालण्याचे ते धाडस होते.

१९६३ साली इटलीने मूळस्थानाच्या नावाचा कायदा केला. त्या अन्वये एखाद्या गावाचे वा भागाचे नाव बाटलीवर घालावयाचे तर द्राक्षे तेथलीच, वाण ठरलेलाच आणि हेक्टरी उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असावे लागते. प्रिमितीवो दि मांदुरियास हे नाव १९७४ साली आणि सालिचे सालेंतिनोस १९७६ साली मिळाले. मांदुरियाच्या नावाने वाईन काढावयाची असल्यास हेक्टरी ९ टनांहून अधिक द्राक्षे घेता येत नाहीत. म्हणजे एकरी सुमारे साडेतीन टन. मांडवावरून एकरी आठ-दहा टन उतरविणाऱ्या आपल्या बागायतदारास हे ऐकून नवल वाटेल. वडिलांनीही “मग पोट कसे भरते?” असा प्रश्न केला. दुभाषाच्या साह्याने मिळालेले उत्तर असे: “अधिक पिकवीत होतो तेव्हा भरत नव्हते.”

हे उत्तर पूर्ण सत्य आहे असे मात्र समजू नये. आजही दक्षिणेची पुष्कळ वाईन टाकीनेच विकली जाते. मध्यंतरी अति उत्पादन घटविण्यासाठी युरोपीय संघाने बागा काढून टाकण्याबद्दल अनुदान दिले; २००९ ते २०११ या वर्षांतही अशी योजना होती. तिचा लाभ घेऊन वृद्ध शेतकऱ्यांनी ज्या बागा उपटल्या त्यांत जुन्या, कमी उत्पन्नाच्या, पण उत्तम गुणाच्या झुडूप पद्धतीच्या बागाही गेल्या. नाव मोठे होण्याच्या आधीच मूळ वेल गेले, अशी खंत अनेकांच्या बोलण्यात आढळली. नावाला बाधा कशी येते याचेही एक कटू उदाहरण इटलीने पाहिले आहे. १९८६ साली उत्तरेतील एका ठिकाणी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळले गेले. त्याने वीसच्या आसपास माणसे दगावली आणि साऱ्या देशाच्या वाईनची निर्यात कोसळली. लबाडी थोड्यांची, शिक्षा सर्वांस. तपासणीचा काच तेव्हापासून अधिक कडक झाला, आणि आज तोच शेतकऱ्यांच्या हिताचा ठरला आहे.

वाळलेली जैतुनाची झाडे आणि एक काडी

सालेंतोच्या रस्त्याने जाताना दोहो बाजूंस जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, शेकडो वर्षांची झाडे वाळून कोळ झालेली दिसतात. मैलोगणती हेच दृश्य. कन्येने विचारले, “इथे वणवा लागला होता का?” वणवा नव्हे, हा झायलेला फास्टिडिओसा या जीवाणूचा प्रताप होय. २०१३ साली गाल्लिपोली गावाच्या परिसरात तो प्रथम ओळखला गेला आणि त्यानंतर लक्षावधी झाडे मेली. हा जीवाणू झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढून त्या बंद करतो, आणि रस शोषणारे कीटक त्याचा प्रसार करतात. मध्य अमेरिकेतून आणलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपाबरोबर तो आला असावा, असे जनुकीय अभ्यासावरून मानले जाते. सालेंतोतील हा प्रकार द्राक्षवेलीस मारीत नाही. परंतु २०२४ साली बारीजवळ बदामाच्या झाडांवर याच जीवाणूचा दुसरा उपप्रकार आढळला, आणि अमेरिकेत द्राक्षवेलीस मारणारा पिअर्स रोग या दुसऱ्या उपप्रकारामुळेच होतो. द्राक्षबागायतदारांच्या तोंडचे पाणी पळावे अशीच ही वार्ता आहे.

याच प्रवासात एका बागमालकाने निरोप देताना वडिलांस सुसुमानिएल्लो या जुन्या वाणाची काडी देऊ केली. या वाणाचे नाव गाढवावरून पडले असे म्हणतात, कारण तरुणपणी तो ओझ्याच्या गाढवाप्रमाणे घडांनी लादला जातो आणि वय वाढल्यावर उत्पन्न बरेच उतरते. काडी ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावी, अशी वडिलांची फार इच्छा होती. मी त्यांस नम्रपणे थांबविले. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना व रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्रावाचून लागवडीचा कोणताही भाग भारतात आणता येत नाही. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी, बाहेरच्या उभ्या सांगाड्यांकडे पाहिल्यावर अधिक सांगण्याची आवश्यकता उरली नाही. वडिलांनी काडी परत केली आणि म्हणाले, “एका काडीपायी गावाची बाग नको.” परदेशी जाणाऱ्या प्रत्येक बागायतदाराने हे वाक्य ध्यानात ठेवावे.

ज्वालामुखीच्या उतारावर

पुल्या सोडून बाझिलिकाता प्रांतात शिरताच सपाटी संपून डोंगर लागतात. मातेरा येथील खडकात कोरलेली घरे पाहून आम्ही उत्तरेस व्हुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी गेलो. येथील वाण आल्यानिको. मांदुरियात काढणी संपली होती, सालेंतोत चालू होती. येथे मात्र घड अजून वेलीवर करकरीत होते. या उंचीवर आल्यानिको ऑक्टोबरच्या अखेरीस, कधी नोव्हेंबरातही उतरवितात. एकाच महिन्यात तीन गावी पिकाच्या तीन अवस्था पाहावयास मिळाल्या. उंची व वाण यांच्या निवडीने काढणीचा हंगाम कसा पसरविता येतो, याचा हा उत्तम पाठ होय.

आपली काळी जमीन लाव्हारसाच्या खडकापासून झालेली, येथील जमीनही ज्वालामुखीचीच. तथापि येथे राखेचे मऊ थर असून ते हिवाळ्यातील ओल धरून ठेवतात व उन्हाळ्यात मुळांस देतात. जुन्या बागांत बोरूच्या तीन काठ्या वर एकत्र बांधून तंबूसारखा आधार करतात व त्यावर वेल सोडतात. बारिले गावी डोंगरातील मऊ दगडात खोदलेल्या गुहा आहेत. काही शतकांपूर्वी आलेल्या आल्बेनियन निर्वासितांच्या वंशजांचे हे गाव. उन्हाळा असो वा हिवाळा, गुहेत गारवा सारखाच राहतो. म्हणून वाईनची पिंपे तेथे ठेवतात. विजेवाचून चालणारे शीतगृहच ते.

जवळच रोमन कवी होरेस याचे जन्मगाव वेनोसा आहे. तेथील सहकारी वायनरी १९५७ साली अवघ्या २७ शेतकऱ्यांनी सुरू केली. आज तिचे सभासद काही शेकडा आहेत. त्या काळी या भागातून तरुण मंडळी उत्तरेकडील कारखान्यांत व परदेशी रोजगारासाठी निघून जात होती. गावात राहिलेल्यांस जमीन धरून ठेवण्याचे कारण या संस्थेने पुरविले. १९७१ साली आल्यानिको देल व्हुल्तुरे या नावास कायदेशीर मान्यता मिळाली आणि २०१० साली त्यातील वरच्या प्रतीस सर्वोच्च दर्जा मिळाला.

तौरासी आणि उंच चढलेले वेल

काम्पानिया प्रांतातील तौरासी गावीही आल्यानिकोच होतो. दक्षिणेच्या मुख्य भूमीवरील तांबड्या वाईनला मिळालेला पहिला सर्वोच्च दर्जा तौरासीस १९९३ साली लाभला. नियमाप्रमाणे ही वाईन निदान तीन वर्षे, आणि त्यांपैकी एक वर्ष तरी लाकडी पिंपात, मुरवावी लागते. याचा आर्थिक अर्थ असा की, या हंगामातील द्राक्षाचे पैसे तीन वर्षांनी हाती येणार. एकट्या लहान शेतकऱ्यास हे झेपणारे नाही. नाव मिळविणे एक आणि नाव सांभाळण्याइतके भांडवल उभे करणे दुसरे, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. याच भागातील मास्त्रोबेरार्दिनो घराण्याने युद्धोत्तर काळात, सारे लोक अधिक उत्पन्नाच्या परक्या वाणांमागे धावत असता, फियानो व ग्रेको हे स्थानिक पांढरे वाण टिकवून धरले. आज त्याच वाणांना मागणी आहे.

नेपल्सच्या वाटेवर आव्हेर्साच्या मैदानात एक विलक्षण लागवड पाहिली. आस्प्रीनिओ नावाचा पांढरा वाण उंच पॉपलरच्या झाडांवर चढवितात. वेल दहा-पंधरा मीटरपर्यंत जातो. आपल्या पानमळ्यात शेवरी-पांगाऱ्यावर नागवेल चढवितात तसाच हा प्रकार. अरुंद शिडीवर चढून मजूर घड तोडतो व टोकदार बुडाच्या टोपलीत घालून दोरीने खाली सोडतो. टोक मातीत रुतल्याने टोपली उभी राहते. काम धोक्याचे आणि माणसे मिळत नाहीत, म्हणून या बागा कमी होत चालल्या आहेत.

पाहुणाही गिऱ्हाईकच

या साऱ्या ठिकाणी आमच्यासारख्या पाहुण्यांचे स्वागत हा शेतीचाच एक भाग बनलेला आढळला. इटलीने शेतघरात पाहुणे ठेवण्यासंबंधी १९८५ सालीच कायदा केला. १९९३ साली वायनरी-पर्यटनाची चळवळ सुरू झाली, आणि मे महिन्यातील शेवटच्या रविवारी देशभरच्या वायनरी लोकांस दारे उघडतात. पाहुण्यास बाग दाखवितात, टाक्या दाखवितात, चार प्रकारच्या वाईन चाखावयास देतात आणि घरचे खाणे वाढतात. आमच्यापुढे बाकल्याची डाळ शिजवून घोटलेले पिठल्यासारखे कालवण, रानभाजी, पाण्यात भिजवून खावयाचा दोनदा भाजलेला पाव आणि घरचे जैतुनाचे तेल आले. शाकाहारी माणसाची तेथे मुळीच अडचण होत नाही. चाखलेली वाईन थुंकून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि त्यात कोणी वावगे मानीत नाही. मोटार चालवावयाची असल्याने मी त्या भांड्याचाच आश्रय केला. मुलांना ताजा द्राक्षरस देतात.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. काढणीच्या दिवसांत लहान वायनरीस वेळ नसतो. आधी कळवून वेळ ठरवावी. दुपारी काही तास सारे व्यवहार बंद असतात. मोटार चालविण्यास आंतरराष्ट्रीय परवाना जवळ हवा. बागेत शिरण्यापूर्वी जोड्यांची माती झाडावी आणि परत आल्यावर ते जोडे धुतल्यावाचून आपल्या बागेत नेऊ नयेत.

आपणास काय घेता येईल

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर नाशिक भागात वाईनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. २००८-०९ च्या सुमारास वाईनची मागणी मंदावली, तेव्हा वायनरींनी माल उचलण्यास हात आखडता घेतला आणि अनेक बागायतदारांनी त्या बागा काढून खाण्याचे वाण लावले. ज्यांची भिस्त एकाच खरेदीदारावर होती त्यांस हा फटका अधिक बसला. १८८८ साली पुल्यातील शेतकऱ्यावर आलेला प्रसंग याहून भिन्न नव्हता. त्यातून त्याने जे केले ते आपणही पडताळून पाहावे.

पहिली गोष्ट, प्रक्रियेची साधने सामाईक मालकीची असावीत. बेदाणा असो, रस असो वा शीतगृह असो, माल थांबविण्याची शक्ती हाती आल्याखेरीज भावाची बोली बरोबरीने होत नाही. दुसरी गोष्ट, गावाच्या नावाचा उपयोग करावा. सांगलीचा बेदाणा व नाशिकची द्राक्षे यांस भौगोलिक मानांकन आहे. परंतु मानांकनाचा कागद आणि गिऱ्हाइकाच्या मनातील विश्वास यांत अंतर आहे. ते अंतर नियम पाळून व एकमेकांवर नजर ठेवूनच तोडावे लागते. तिसरी गोष्ट, उत्पन्नाच्या आकड्यास सर्वस्व मानू नये. एकरी किती टन यापेक्षा एकरी किती पैसे उरले, हा हिशोब महत्त्वाचा. चौथी गोष्ट, जुन्या बागा व स्थानिक वाण उपटण्यापूर्वी दहादा विचार करावा. पाचवी, राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा आधार घेऊन ज्यांस शक्य आहे त्यांनी बागेचे दार पाहुण्यांस उघडावे. आपली बाग पाहून गेलेला मनुष्य बाजारात आपल्या गावाचे नाव शोधतो.

ही पाचही कामे एका हंगामात होणारी नव्हेत. मांदुरियाच्या सहकारी वायनरीस आरंभापासून गावाच्या नावास कायदेशीर मान्यता मिळेपर्यंत चार दशके लागली. परंतु त्या चार दशकांचा आरंभ काही शेतकऱ्यांनी एकत्र बसून, आपला माल यापुढे बिननावाने विकावयाचा नाही, असे ठरविण्याने झाला. तसे ठरविण्यास परदेशी वाण लागत नाही, यंत्र लागत नाही आणि परवानाही लागत नाही. येत्या फळ छाटणीपूर्वी गावातील दहा बागायतदारांनी एकत्र बसावे व आपल्या तालुका कृषी अधिकाऱ्यास त्या बैठकीस अवश्य बोलवावे.